इकोस्पोर्ट पहिली नव्हती

‘फोर्ड इकोस्पोर्ट ही भारतासाठीच जन्मलेली गाडी, आणि चार मीटरच्या आतली आपली पहिली एसयूव्हीही तीच’ असं गाड्यांच्या गप्पांत अजूनही ठासून सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पहिल्या पिढीची इकोस्पोर्ट २००३ मध्ये ब्राझीलमध्ये आली. फोर्डच्याच फिएस्टा या छोट्या गाडीच्या पायावर बेतलेली, चौकोनी, मागच्या दारावर स्टेपनी. ती भारतात कधी विकलीच गेली नाही. आपण पाहिली ती दुसरी पिढी. तिच्या विकासाचं मुख्य कामही ब्राझीलमध्येच झालं. जानेवारी २०१२ मध्ये ती दिल्लीत दाखवली गेली आणि जून २०१३ मध्ये विक्रीला आली. भारतात ती चार मीटरच्या आत ठेवली गेली, कारण लांबी त्याहून कमी आणि इंजिन पेट्रोलचं १२०० किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत असेल तर उत्पादन शुल्क कमी लागे.

पण त्या मर्यादेतली प्रीमियर रिओ २००९ मध्येच आली होती, तीही आपल्या पिंपरी-चिंचवडमधून! तिचं मूळ जपानच्या पहिल्या पिढीतल्या दायहात्सू टेरिओसमध्ये होतं. २०१२ मध्ये त्याच मर्यादेतली महिंद्राची क्वांटोही आली. रिओ फारशी खपली नाही, म्हणून तिचा पहिलेपणाचा मान नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. हा गाडीप्रकार घराघरांत नेण्याचं श्रेय मात्र इकोस्पोर्टला द्यायलाच हवं.