अंतर ऐंशी मिनिटांचं, वेळ सव्वादोन तासांची

मुंबई ते दिल्ली किती लांब? राजधानी एक्स्प्रेसला विचाराल तर सुमारे १,३८५ किलोमीटर. विमानासाठी आकडा बराच खाली येतो आणि तो शाळेतल्या पायथागोरसच्या बळावर घरबसल्या काढता येतो.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ पूर्व रेखांशावर आहे, दिल्लीचा २८.५६ आणि ७७.१० वर. अक्षांशांतला फरक ९.४७ अंश. अंशाला १११ किलोमीटर धरले की झाले १,०५१. रेखांश उत्तरेकडे जाताना जवळजवळ येतात, म्हणून या पट्ट्यात अंशाला १०२ च धरायचे, ४.२३ अंशांचे ४३१. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: १,१३६ किलोमीटर. पृथ्वीचा गोलपणा एवढ्या अंतरात फारसा नडत नाही. न्यूयॉर्कला मात्र हे गणित लावू नका.

एअरबस ए३२० उंचावर ताशी ८४० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे ऐंशी मिनिटांत दिल्ली! मग तिकिटावर सव्वादोन तास का?

कारण तिकिटावरचा वेळ आकाशातला नसतोच. घाटात थांबलेल्या ट्रकच्या चाकाखाली दगड लावतात, तसे उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. मुंबईत ठोकळे निघून विमान हललं की घड्याळ सुरू. दिल्लीत ठोकळे पुन्हा लागले की बंद. या हिशेबाला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, रांग आली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. रांग लागणारच.

विमान सहसा पश्चिमेला जुहूच्या समुद्रावर उठतं आणि मग दिल्लीसाठी उजवीकडे वळतं, म्हणजे सुरुवातच थोड्या वळशाने. चढताना वेग कमी. उतरण्याची तयारी तर ३५,००० फुटांवरून सुमारे २०० किलोमीटर आधीच सुरू होते. या मार्गावर ते साधारण जयपूरच्या आसपास. कानात दडे बसू लागतात तेव्हा दिल्ली अजून दोन-अडीचशे किलोमीटर दूर असते. १०,००० फुटांखाली वेग सहसा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरवर आणतात. ऐंशी मिनिटांचं आपलं गणित इथेच फसतं.

त्यात वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून वेगवान वारा वाहतो: जेट स्ट्रीम. मुंबई–दिल्ली मार्ग उत्तरेकडून किंचित पूर्वेला झुकलेला, म्हणून हा वारा बराचसा आडवा लागतो. नदी ओलांडताना नावाडी होडीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. तसंच विमानाचं नाक थोडं पश्चिमेला ठेवावं लागतं. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यातले जेमतेम ३८ दिल्लीला जाताना पाठीवर मिळतात. परतताना तेच छातीवर. लंडनच्या मार्गावर हा फरक तासाभराचाही होऊ शकतो.

शेवटची गंमत वेळापत्रकाची. कंपन्या खोळंब्याची थोडी तरतूद छापील वेळेतच करून ठेवतात. म्हणूनच ‘आपण पंधरा मिनिटं लवकर पोहोचलो आहोत’ ही घोषणा इतक्यांदा ऐकू येते. ती ऐकून सगळे उठून उभे राहतात, बॅगा काढतात, आणि बाहेर विमानाची जागाच रिकामी नसते. चाकांना ठोकळे लागायचेच असतात, म्हणजे घड्याळ अजून चालूच.