पाणी घटतं तेव्हा पातळी वाढते

गोळी सोड्याची बाटली घ्या. अंगठ्यानं गोळी आत ढकलली की फेस थेट तोंडापर्यंत येतो. बाटलीत पाण्याचा एक थेंबही वाढलेला नसतो. दाब उतरला आणि बुडबुडे फुगले, एवढंच.

नागपूरजवळच्या खापरखेडा वीज केंद्रातल्या 210 मेगावॅटच्या संचांच्या बॉयलरमध्येही हेच घडतं, फक्त दाब असतो वातावरणाच्या दीडशेपट आणि तापमान 340 अंशांच्या आसपास. बॉयलरच्या माथ्यावर पोलादी ड्रम असतो. त्यात खाली उकळतं पाणी आणि वर वाफ. पाणी फार खाली गेलं तर भट्टीतल्या नळ्या कोरड्या पडून फुटतात. फार वर गेलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाईनकडे जातं आणि पात्यांची वाट लागते. म्हणून ही पातळी मधल्या अरुंद पट्ट्यात सांभाळणं हे कंट्रोल रूममधलं सर्वांत जोखमीचं काम.

काम सोपं वाटतं. पातळी उतरली तर पाणी सोडा, चढली तर कमी करा. घरच्या टाकीतला फ्लोट हेच करतो.

पण मे महिन्याच्या दुपारी विजेची मागणी वाढते, विद्युतजाळ्याची वारंवारता 50 हर्ट्झच्या खाली घसरू लागते आणि टर्बाईनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर वाफेचा व्हॉल्व्ह आणखी उघडतो. ड्रममधून वाफ भराभर जाते, दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढलेली दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असतं! फ्लोटच्या अकलेचा कंट्रोलर अशा वेळी पाणी तोडणार. थोड्या वेळानं दाब सावरला, बुडबुडे बसले, की पातळी धाडकन कोसळते आणि संच ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. उलटही खरं: तुलनेनं थंड पाणी एकदम जास्त सोडलं तर बुडबुडे आक्रसतात आणि पाणी घालूनही पातळी आधी खालीच जाते.

अशा वेळी जुना ऑपरेटर नव्या मुलाला म्हणणार, "थांब न बापा जरासा, हात नको लावू." तो पातळीचा काटा सोडून वाफेच्या प्रवाहाकडे बघतो. मला ही नजर फार मोलाची वाटते, कारण थ्री एलिमेंट कंट्रोल, म्हणजे वाफेचा प्रवाह, पाण्याचा प्रवाह आणि पातळी या तीन मापांवर चालणारं नियंत्रण, म्हणजे हीच नजर यंत्राला देणं. ताशी जितके टन वाफ बाहेर गेली, तितके टन पाणी आत, हा हिशेब पहिला. पातळीचं मोजमापही कंट्रोलर विचारात घेतो, पण सावकाश, उरलेली चूकभूल दुरुस्त करण्यापुरतं.

ही सगळी मापं तारेतून 4 ते 20 मिलीअँपियरच्या प्रवाहानं येतात. पातळी तळाला असेल तर 4, निम्म्यावर 12, माथ्याला 20. शून्यापासून सुरुवात का नाही? कारण तार तुटली तरच शून्य येतं. रिकामा ड्रम आणि तुटलेली तार यांत कंट्रोलरची गल्लत होऊ नये, यासाठी हे खालचे 4 राखून ठेवलेत. शिवाय पातळी मोजून तारेतून कळवणारे तीन ट्रान्समीटर लावून त्यांतलं मधलं माप धरण्याचीही पद्धत आहे.

शेजारच्या कोराडीला 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, त्यांच्यात मात्र हा ड्रमच नाही. तिथला दाब 221 बारच्या वर जातो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब). त्या दाबाला पाणी आणि वाफ असा भेद उरत नाही, मग बुडबुडे कुठले आणि पातळी कुठली! पण हाताशी पाण्याचा साठाही नाही, त्यामुळे तिथे कोळसा आणि पाणी कायम जोडीनंच कमी-जास्त करावं लागतं.