स्क्रोल सॉ कारागिरी (ग्रामीण विदर्भ)

स्क्रोल सॉ कारागिरी : खालीवर हलणाऱ्या अगदी बारीक पात्याच्या करवतीने पातळ फळीतून नक्षी, अक्षरे, चित्रे व खेळणी कापून काढण्याची हस्तकला. कोरीव कामात पटाशीने लाकूड खोदून उठाव आणतात. येथे फळी आरपार कापली जाते, आणि उरलेले लाकूड व पडलेली पोकळी यांच्या मेळातून चित्र दिसते. कोरीव कामाची परंपरा विदर्भात जुनी आहे. नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यांत आणि मेळघाटातील कोरकूंनी मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या लाकडी पाट्यांत ती दिसते. स्क्रोल सॉचे जाळीकाम त्या मानाने नवे आहे आणि ते मुख्यतः छंद म्हणूनच केले जाते.

गावातला वाढई चौकटी, दारे, बंडी (बैलगाडी) आणि वखर, डवरा, तिफण या शेतीच्या औजारांत गुंतलेला असतो. वीतभर लांब आणि बोटभर जाड तुकडा त्याच्या लेखी सरपण असतो. हा छंद त्याच तुकड्यांवर उभा राहतो. महागड्या लाकडाची किंवा मोठ्या जागेची त्याला गरज नाही. पडवीचा एक कोपरा, खिडकीतला उजेड आणि बसण्याइतकी सवड पुरते. विदर्भात या कामाला जो वाव आहे तो या काटकसरीमुळे. यंत्र चांगले असले तर काम सोपे होते, पण कामाचा कस लागतो तो आराखड्यात : काय कापायचे आणि कशाला कशाचा आधार ठेवायचा हे ठरवण्यात.

पूर्वपीठिका : बारीक पात्याने कापण्याची कला युरोपात जडावाच्या कामातून वाढली. पॅरिसमध्ये आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा कारागीर पितळ व कासवाच्या कवचाचे पत्रे एकावर एक ठेवून एकदमच कापत असे, त्यामुळे एकाची पोकळी दुसऱ्याच्या तुकड्याने बरोबर भरत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पायाने चालवायच्या करवती आल्या आणि हे काम घरोघरी पोचले. पुढे विजेची मोटर आली. विदर्भापुरते पाहायचे तर लाकूडकामाला शिक्षणात मानाचे स्थान मिळाले ते वर्ध्यात. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे भरलेल्या परिषदेतून जी शिक्षण योजना पुढे आली, तिच्या मूलोद्योगांत (शिक्षणाचा पाया म्हणून शिकवायच्या उद्योगांत) सूतकताई व शेतीबरोबर सुतारकामही होते. हाताने शिकावे हा विचार शाळांमध्ये पुढे कार्यानुभवाच्या तासापुरता उरला, पण या छंदाला आजही तोच विचार जवळचा आहे.

यंत्र व पाते : यंत्राचे पाते साधारण ५ इंच (१२७ मिमी) लांब असते. ते वरच्या व खालच्या भुजेत ताणून बसवतात. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतच्या अंतराला गळा म्हणतात. घरगुती यंत्रांत तो बहुधा १६ इंच (सुमारे ४० सेंमी) असतो आणि त्याहून लांब फळी मोकळेपणी फिरवता येत नाही. मोटर सुमारे १०० वॅटची, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी वीज घेणारी. गावठाणाची वीज गेली तरी घरातल्या इन्व्हर्टरवर ती चालू शकते. व्होल्टेज पडले की पात्याचा वेगही पडतो, अशा वेळी फळी रेटू नये.

यंत्र घेताना एक गोष्ट नीट पाहावी. काही यंत्रांत टोकाला आडवी पिन असलेलीच पाती बसतात. ती पिन आत जाण्यासाठी छिद्र बरेच मोठे पाडावे लागते, त्यामुळे नाजूक जाळी त्या यंत्रावर होतच नाही. साध्या टोकाची पाती घेणारे यंत्रच घ्यावे, कारण त्याला १ ते दीड मिलिमीटरचे छिद्र पुरते.

पात्यांना क्रमांक असतात. क्रमांक वाढत जातो तसे पाते रुंद व जाड होते. ३ मिमी प्लायवूडला २ किंवा त्याहून बारीक क्रमांकाचे, तर १८ मिमी सागाला ५ ते ७ क्रमांकाचे पाते लागते. लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असावेत, नाहीतर पाते अडखळते. दात खालच्या बाजूला तोंड करून बसवायचे. ताण योग्य आहे का हे कानाने कळते : बोटाने छेडल्यावर स्वच्छ ‘टण्’ असा आवाज आला पाहिजे, दबका आवाज आला तर पाते ढिले आहे. पाते घडवताना त्याच्या एका कडेला बारीक खरखर राहते, त्यामुळे ते सरळ रेषेतही किंचित एका बाजूला ओढते. नवशिक्याला वाटते आपला हात वाकडा आहे. खरे तर फळीच थोडी तिरपी धरून पुढे न्यायची असते आणि हे दोन-चार तुकडे कापल्यावर हाताला आपोआप समजते.

वीज नको असेल तर हाताची फ्रेट सॉ आहेच. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या चौकटीत तेच पाते, दात मुठीकडे वळवून बसवतात आणि टेबलाला त्रिकोणी खाच पाडलेली फळी आवळून तिच्यावर काम करतात. जवळजवळ हेच अवजार सोनाराकडे असते. तालुक्याच्या गावी लाकडाची बारीक पाती मिळाली नाहीत तरी सराफ्याच्या ओळीत सोनारकामाची पाती मिळू शकतात. ती धातूसाठी असल्याने त्यांचे दात फार बारीक असतात. लाकडात ती भुशाने तुंबतात व सावकाश कापतात, पण पितळी पत्र्याचा जडाव करायचा असेल तर तीच हवीत.

लाकूड : साग विदर्भात सर्वांना ठाऊक. आलापल्लीच्या जंगलाचा आणि बल्लारपूरच्या डेपोचा साग देशभर जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही २०२३ मध्ये याच भागातून साग पाठवला गेला. जाळीकामासाठी सागाचा मोठा गुण म्हणजे तो ऋतूप्रमाणे फारसा फुगत वा आकसत नाही. विदर्भात हा गुण लाखमोलाचा आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि दोनच महिन्यांनी श्रावणात भिंतींनाही ओल येते. उन्हाळ्यात घट्ट बसवलेले डबीचे झाकण पावसाळ्यात निघत नाही, आणि पावसाळ्यात बसवलेले उन्हाळ्यात खुळखुळते. म्हणून एकमेकांत बसणारे तुकडे कापताना ऋतू पाहूनच मोकळीक ठेवावी. सागाचा दोष असा की त्यात वाळूचा अंश (सिलिका) असतो आणि पाते लवकर बोथट होते. एका नामफलकाला तीन-चार पाती लागली तर त्यात नवल नाही.

शिवण हे लाकूड या कामासाठी सागाहूनही सुखाचे, असे म्हणण्यास हरकत नाही. ते हलके, फिकट, एकसारख्या पोताचे असून पात्याखाली अजिबात कुरकुरत नाही. हळदू पिवळसर व अतिशय घट्ट पोताचे असते. पूर्वीपासून फण्या व पट्ट्या त्याच्या करत आले आहेत. बारीक अक्षरे त्यात कडा न तुटता निघतात. बिबल्याचा तपकिरी व शिसवाचा काळसर रंग जडावात शोभतो. बाभूळ बंडीला उत्तम, पण येथे तिच्या वाट्याला जाऊ नये, पाते जळते.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे संत्र्याच्या जुन्या बागा काढतात तेव्हा खोडे चुलीत जातात. हे लाकूड फिकट पिवळे, जड व बारीक पोताचे असते. खोड मोठे नसल्याने रुंद फळी निघत नाही, पण कानातले डूल, किल्लीचे लटकन, बुद्धिबळाची प्यादी यांसाठी ते फार छान. कापल्यावर टोकांना रंग किंवा मेण लावून सावलीत महिनोनमहिने वाळवावे, नाहीतर ते तडकते. संत्र्याच्या लाकडी पेटीच्या फळ्या सरावाला चांगल्या. खिळे आधी काढून घ्यावेत.

कोणत्याही लाकडाचा बाहेरचा पांढरा भाग टाळावा. त्याला भुंगा लागतो आणि उधईही तोच आधी खाते. शेताच्या बांधावरचा साग स्वतःचा असला तरी तो तोडायला व वाहून न्यायला वन विभागाची परवानगी लागते. छंदासाठी ती खटपट करावी लागत नाही, कारण आरा मशीनवरचे व फर्निचरच्या दुकानातले तुकडे पावती करून घेता येतात.

आराखडा आणि अक्षरे : आराखड्याचा कागद फळीवर चिकटवून रेषेवरून कापतात. मैद्याची खळ चालते, पण तिच्या ओलाव्याने प्लायवूडचे तंतू उठतात. आधी मास्किंग टेप लावून त्यावर कागद चिकटवला तर शेवटी सगळे अलगद निघते. वरून पारदर्शक पॅकिंग टेप लावली की कठीण लाकडात पाते कमी जळते. आतल्या पोकळ्या आधी आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी कापायची, म्हणजे धरायला फळी शिल्लक राहते. प्रत्येक पोकळीसाठी छिद्र पाडून पाते सोडायचे, ओवायचे, पुन्हा ताणायचे.

चित्र कोणतेही असो, गजानन महाराज, तुकडोजी महाराज, बाबासाहेब, दीक्षाभूमीचा स्तूप की ताडोबाचा वाघ, एक नियम सुटत नाही : उरणारा प्रत्येक भाग दुसऱ्या उरणाऱ्या भागाला जोडलेला पाहिजे. डोळ्यातली बाहुली सुटी राहिली तर ती भुशाबरोबर खाली पडते. म्हणून छायाचित्रावरून आराखडा करताना सावल्यांच्या आकारात जागोजागी पूल ठेवावे लागतात. तो पूल सुरकुती, चष्म्याची दांडी किंवा मिशीची कड वाटावी, यात आखणाऱ्याचे कसब दिसते.

नामफलकात मराठीला एक मोठी सोय आहे. रोमन अक्षरे सुटी पडतात, त्यांना खाली पट्टी द्यावी लागते. देवनागरीत शिरोरेषा सगळा शब्द धरून ठेवते. ‘गजानन’ हा शब्द एका अखंड तुकड्यात निघतो. ‘विठ्ठल’ लिहिताना ‘व’ आणि ‘ठ’ यांच्या पोटात छिद्रे पाडून पोकळ्या काढाव्या लागतात, इतकेच. अडचण येते ती ‘थ’, ‘ध’, ‘भ’ या अक्षरांत, कारण त्यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते. ‘माधव’ सरळ कापला तर ‘मा’ एका हातात आणि ‘धव’ दुसऱ्या हातात येतो. अशा वेळी ‘ध’च्या वरच्या वळणाचे टोक मागच्या कान्याला टेकवून द्यावे. वाचताना ते खटकत नाही आणि शब्दही जुळून राहतो. अनुस्वार तर जन्मजात सुटा : ‘संत’मधले टिंब बारीक देठाने शिरोरेषेला जोडावे, किंवा वेगळे कापून मागच्या फळीवर चिकटवावे. वेलांटीचे व मात्रेचे देठ ३ मिलिमीटरहून बारीक ठेवू नयेत. लाकडाचे रेषे आडवे, म्हणजे शिरोरेषेच्या दिशेने ठेवावेत, म्हणजे शिरोरेषा मजबूत राहते. उभे काने त्यामुळे थोडे नाजूक होतात, म्हणून ते जाड आखावेत. संगणकावरचा टाइप जसाच्या तसा उचलण्यापेक्षा शब्द हाताने आखणे केव्हाही बरे.

तान्ह्या पोळ्याचा नंदी : विदर्भात या छंदाला स्वतःचा सण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात, घरोघरी नेतात आणि बोजारा (खाऊ किंवा पैसे) घेतात. बाजारात नंदी विकत मिळतातच, पण घरी केलेल्या नंदीची गोष्ट निराळी, कारण आपल्या गोठ्यातल्या बैलाची शिंगे, वशिंड आणि गळ्याखालच्या पोळीची लोंबण त्यात आणता येते.

लहान नंदी एका ठोकळ्यातून दुहेरी कापाने निघतो. सुमारे ४ सेंमी रुंदीच्या ठोकळ्याच्या एका बाजूवर बैलाची कडेची आकृती आणि लगतच्या बाजूवर समोरची आकृती चिकटवतात. पहिली आकृती कापली की कापलेले तुकडे फेकायचे नाहीत, जागच्या जागी ठेवून ठोकळ्याला टेप गुंडाळायची. मग ठोकळा काटकोनात वळवून दुसरी आकृती कापायची. टेप सोडली की आतून घडीव बैल बाहेर येतो. मुलांना हा क्षण दाखवावाच. यासाठी पाते टेबलाशी अगदी काटकोनात हवे. गुण्या (काटकोन तपासायचे अवजार) लावून पाहावे, जरा कलले तरी पाय तिरपे निघतात.

मोठ्या नंदीसाठी १८ मिमी फळीचे तीन थर वेगवेगळे कापून फेविकॉलने जोडतात. मधल्या थरात डोके, धड व शेपूट, बाहेरच्या दोन थरांत पाय. पाय दोन्ही बाजूंच्या थरांत पडल्याने बैल रुंद पायावर उभा राहतो. शिंगे आडव्या रेष्यांवर कापली तर पहिल्याच दिवशी मोडतात, रेषे शिंगाच्या लांबीने घ्यावेत. चाके गोल निघण्यासाठी एका फळीवर पात्यापासून नेमक्या अंतरावर खिळा ठोकून त्यावर चाकाचे मधले छिद्र बसवावे आणि लाकूड हळूहळू फिरवावे. आषाढातच काम सुरू केले तर रंग वाळायला वेळ मिळतो.

शेवटचा हात व काळजी : कापून झाल्यावर मागच्या कडेचे तंतू रेजमालने (घासायच्या खरखरीत कागदाने) काढतात. कागद आधी १२०चा, मग २२०चा. जाळीच्या आत बोट जात नाही, तिथे आइस्क्रीमच्या काडीला रेजमाल चिकटवून घासावे. सागाचा व शिसवाचा भुसा काहींच्या नाका-डोळ्यांना व कातडीला बाधतो, म्हणून तोंडाला मास्क किंवा निदान घट्ट दुपट्टा हवा, आणि डोळ्यांना चष्मा, कारण तुटलेले पाते उडते. या करवतीत फळी मागे उसळून येण्याची भीती मोठ्या चक्री करवतीच्या तुलनेत नगण्य असते. बोटे मात्र पात्याच्या समोरच्या रेषेत ठेवू नयेत.

विदर्भात जवस पिकतो आणि घाण्याचे तेलही मिळते. जवसाचे तेल लाकडाचा रंग खुलवते, पण कच्चे तेल वाळायला बरेच दिवस घेते, पावसाळ्यात आणखी. पातळ हात देऊन जादाचे तेल पुसून काढावे, नाहीतर पृष्ठभाग चिकट राहून धूळ धरतो. मुलांच्या खेळण्यांना हे तेल लाखेच्या पॉलिशइतकेच चांगले. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात, भुशाशेजारी, हा धोका खरा आहे. चिंध्या अंगणात एकेरी पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.