चरणजित सिंगची ८२ सालची डिस्को-रागांची रेकॉर्ड: मागची गोष्ट

घोडबंदर रोडला आमच्या रेकॉर्डवाल्या ग्रुपात यावेळी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ची रीइश्यू लागणार आहे, काही जणांनी हा कोण बाबा असं विचारलं म्हणून लिहितोय.

चरणजित सिंग म्हणजे आपल्या मुंबईचाच सेशन म्युझिशियन, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गिटार, कीबोर्ड वाजवायचा, लग्नांतही ऑर्केस्ट्रा घेऊन जायचा. १९८० ला ‘कुर्बानी’ आला आणि जिकडेतिकडे डिस्को सुरू झालं. याने विचार केला की डिस्को ठेवू पण त्यावर राग वाजवू, आणि तबला चक्क बाद. हाताशी रोलँड या जपानी कंपनीची तीन मशीनं, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम वाजवणारं मशीन आणि बेससाठी टीबी-३०३. आता ३०३ हे खरं तर बेस गिटारवाला नसला तर त्याच्या जागी वापरायला काढलेलं मशीन, पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, म्हणजे मींडच की हो, आणि रागाला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलायची गरज नसते त्यामुळे मशीनवर लावलेला तोच पॅटर्न फिरत राहिला तरी खटकत नाही. इथेच सगळी गंमत आहे.

१९८२ ची ही रेकॉर्ड एचएमव्हीने काढली, पण चालली नाही. मला नवल वाटत नाही. क्लासिकलवाल्यांना हे ऐकवणार कोण, त्यात पहिलाच ट्रॅक भैरव, म्हणजे सकाळचा राग आणि तोही डिस्कोवर! आणि डिस्कोवाल्यांना गाणं हवं, इथे शब्दच नाहीत.

पुढे कंपनीने ३०३ बनवणं बंद केलं, ते सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळायला लागलं आणि शिकागोच्या फ्युचर नावाच्या ग्रुपने १९८७ मध्ये त्यावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढला, त्या तऱ्हेच्या इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकला जग अ‍ॅसिड हाउस म्हणतं. आपली रेकॉर्ड २००२ मध्ये एडो बाउमन या डच कलेक्टरला दिल्लीत सापडली, त्याने २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन लेबलवर परत काढली तेव्हा ही कोणीतरी आत्ता बनवलेली थाप आहे असंही लोक म्हणाले. सत्तरी ओलांडल्यावर चरणजित युरोपात जाऊन लाइव्ह वाजवून आला, २०१५ मध्ये गेला.

‘अ‍ॅसिड हाउसचा जनक’ वगैरे हेडलाइनी मला पटत नाहीत, शिकागोच्या पोरांपर्यंत ही रेकॉर्ड पोचल्याचं कुठे दिसत नाही. मशीन तेच, दोघांनी आपापल्या डोक्याने पिळलं, फक्त आपल्यावाल्याने पाच वर्षं आधी.