खारट पाण्यात जीव जगत नाहीत? मग लोणार गुलाबी कशानं झालं?

जून 2020 मध्ये बुलढाण्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं. कुणी चमत्कार म्हटलं, तर कुणी पाण्यात रसायन मिसळल्याचं सांगितलं. 'इतक्या खाऱ्या पाण्यात जंतू जगतीलच कसे?' हा जुना समज त्यामागे होताच.

मुलांनो, हा समज अर्धाच खरा आहे. अर्धा पेला पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवा आणि बटाट्याची पातळ चकती त्यात तासभर ठेवा. (जाड चकती लवकर वाकत नाही, प्रयोग फसल्यासारखा वाटतो.) मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं, चकती लुळी पडते. बहुतेक जंतूंचंही असंच होतं, म्हणून खारवलेले मासे टिकतात.

पण मीठप्रेमी सूक्ष्मजीव आपल्या पेशीतच पोटॅशियमचा क्षार साठवतात. आत-बाहेर तोल राहतो, पाणी निसटत नाही. उलट त्यांना गोड्या पाण्यात टाकलं, तर पाणी आत घुसून बहुतेकांच्या पेशी फुटतात! त्यांच्यातलं लालसर रंगद्रव्य कडक उन्हापासून त्यांचं रक्षण करतं. ते जीवाणूंसारखे दिसतात, पण त्यांचा गट वेगळा: आर्किया.

त्या उन्हाळ्यात लोणारचं पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि हे जीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून हेच सांगितलं. नमुना स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. विरघळलेला रंग असा खाली बसत नाही.