युद्धं फक्त धर्मामुळेच होतात?

‘जगातली बहुतेक युद्धं धर्मामुळे झाली, धर्म गेला की हिंसाही जाईल’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण त्यामागचं दुःख खरं आहे. १०९९ मध्ये जेरुसलेममध्ये क्रुसेडवीरांनी, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, केलेली कत्तल, गोव्यातलं इन्क्विझिशन (चर्चची धर्मन्यायालयं), हे नाकारता येत नाही आणि नाकारूही नये.

पण नेहमी दिलं जाणारं उदाहरण जवळून पाहा: युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध, १६१८ ते १६४८. कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट, असं आपण शाळेत शिकलो. सुरुवात तशीच झाली. मात्र १६३१ पासून कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवत होता, तोही ऑस्ट्रिया आणि स्पेनवर राज्य करणाऱ्या कॅथलिक हॅब्सबर्ग घराण्याविरुद्ध. तेव्हा फ्रान्सचा मुख्य मंत्री खुद्द रोमन कॅथलिक चर्चचा कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, होता! १६४३ मध्ये स्वीडनने डेन्मार्कवर हल्ला केला, दोघेही लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एकाच पंथाचे. इथे धर्मापेक्षा सत्तेची चढाओढ मोठी ठरली.

उलट बाजूही बघा. १७९३ मध्ये, राज्यक्रांतीच्या काळात, फ्रान्समध्ये चर्च बंद केली गेली, पॅरिसच्या नोत्र दाम या मुख्य चर्चचं ‘विवेकाचं मंदिर’ झालं, आणि त्याच काळात गिलोटिन, म्हणजे शिरच्छेदाचं यंत्र, थांबत नव्हतं. पहिल्या महायुद्धात तर प्रामुख्याने ख्रिस्ती देशच एकमेकांशी लढले.

पडताळायचं असेल तर कुठलंही युद्ध घ्या आणि कोण कोणाच्या बाजूने लढलं ते आधी बघा. मग तहात काय वाटून घेतलं ते वाचा: प्रदेश, बंदरं, खंडणी की उपासनेचे हक्क. बऱ्याचदा सगळंच सापडतं.