तिसरी रेषा कुठे गेली?

नायट्रोजनवर आल्फा कणांचा, म्हणजे हेलियमच्या अणुकेंद्रांचा, मारा केला की त्यातून प्रोटॉन बाहेर पडतात, हे अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९१९ साली जाहीर केले. अंधाऱ्या खोलीत झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणाऱ्या क्षणिक चमका सूक्ष्मदर्शकातून मोजणे, एवढाच त्यांचा आधार होता. चमक फक्त प्रोटॉनची वर्दी देई. धडकलेल्या आल्फा कणाचे पुढे काय झाले, हे तिच्यावरून कळत नसे. अणुकेंद्राचा टवका उडवून तो पुढे निसटतो, की तिथेच अडकतो?

त्याचा शोध केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पॅट्रिक ब्लॅकेट या माजी नौदल अधिकाऱ्याकडे आला. सी. टी. आर. विल्सन यांचे क्लाउड चेंबर त्यासाठी उपयोगी पडले. या कोठीतील दमट हवा दट्ट्या खाली ओढून एकाएकी प्रसरण पावू दिली की ती थंड होते आणि कणाने वाटेत मागे सोडलेल्या आयनांवर पाण्याचे बारीक थेंब धरतात. थेंबांची ती पांढरी रेघ विरण्याआधीच छायाचित्र घ्यावे लागे. ब्लॅकेट यांनी हा सारा क्रम यंत्राकडे सोपवला आणि रेघांमधले खरे कोन मोजता यावेत म्हणून प्रत्येक दृश्य दोन दिशांनी टिपले.

सुमारे २३,००० छायाचित्रांत चार लाखांहून अधिक आल्फा कणांच्या रेघा उमटल्या होत्या, आणि हव्या त्या प्रकारच्या टकरी निघाल्या अवघ्या आठ. ही चिकाटी मला शोधाइतकीच थोर वाटते. साध्या टकरीतही रेघ दुभंगते, म्हणून प्रत्येक फाट्याचे कोन आणि लांबी तपासून पाहणे भाग होते. त्या आठांमध्ये मात्र एक फांदी बारीक व लांब, म्हणजे प्रोटॉनची, आणि दुसरी आखूड व जाड, म्हणजे मागे ढकलल्या गेलेल्या अणुकेंद्राची होती. आल्फा कण निसटला असता तर तिसरी फांदी दिसायला हवी होती. ती एकाही चित्रात नव्हती.

म्हणजे आल्फा कण अणुकेंद्रातच सामावला होता. नायट्रोजनच्या वस्तुमानाच्या चौदात आल्फा कणाचे चार मिळवून प्रोटॉनचा एक वजा केला की सतरा उरतात; विद्युतभार तसाच सात अधिक दोन उणे एक, म्हणजे आठ. म्हणून ते अणुकेंद्र ऑक्सिजनचे ठरते. ब्लॅकेट यांनी हे १९२५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा सतरा वस्तुमानाचा ऑक्सिजन कोणाला ठाऊकच नव्हता. नेहमीच्या हवेतही तो अत्यल्प प्रमाणात असतो, हे १९२९ मध्ये वर्णपटाच्या अभ्यासातून आढळले.